सेल्फ लव्ह म्हणजे काय, तू विचारलंस म्हणून

प्रिय राजा,

तू विचारलंस की आई, ते सेल्फ लव्ह सेल्फ लव्ह सगळीकडे चाललंय ते रोजच्या जगण्यात नेमकं करायचं काय असतं, आणि पुढे तो हसणारा इमोजी टाकलास. तू इमोजी टाकतोस म्हणजे प्रश्न सिरीयस आहे एवढं मला कळतं. मेसेजमध्ये हे सगळं मावलं नसतं म्हणून मेल करतेय, लांबलचक होणार आहे, एका दमात वाचू नकोस, आणि मी मानसशास्त्र शिकवते त्यामुळे मधेच लेक्चर सुरू होईल तेवढं सहन कर.

आधी काय नाही ते सांगते, म्हणजे निम्मं काम होतं. आरशासमोर उभं राहून मी ग्रेट आहे, मी प्रेमाच्या लायक आहे असं घोकायचं ते तू करून बघितलं असशील आणि उलट जास्तच कसंतरी झालं असेल तर तुझं काही चुकलेलं नाही. कॅनडातल्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीच्या जोअ‍ॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं, 2009 मध्ये तो पेपर आला. लोकांना स्वतःशी म्हणायला लावलं की मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे. ज्यांना स्वतःबद्दल आधीपासून बरं वाटत होतं त्यांना थोडं अजून बरं वाटलं, पण ज्यांना आधीच कमी वाटत होतं त्यांना ते वाक्य म्हणून आणखीच वाईट वाटलं. म्हणजे औषध निरोग्याला लागू पडलं आणि आजाऱ्याला उलटलं. आणि ते साहजिक आहे रे, तू तोंडाने म्हणणार मी ग्रेट, आणि आतला तो वकील लगेच फाईल उघडून बसणार, ग्रेट का, मग मागच्या महिन्यात काय झालं होतं, आणि त्या आधी.

दुसरं, स्वतःसाठी काहीतरी महाग घेणं. घे की, तुझे पैसे आहेत. पण ते लाड झाले. लाड आणि काळजी यातला फरक लहान मूल असलेल्या कुणालाही विचार, लाड केलेले मुलाला लगेच आवडतात, काळजी घेतलेली बऱ्याचदा आवडत नाही, तोंड धुवायला नेलं की रडतंच ते. यावर जास्त बोलत नाही.

आता मुद्द्याचं. माझं मत असं आहे की माणूस स्वतःवर प्रेम करतो की नाही ते चांगल्या दिवशी कळतच नाही. ते कळतं काहीतरी फसल्यावर, त्यानंतरच्या तासाभरात. परवा तुझं ते प्रेझेंटेशन गडबडलं आणि तू फोनवर मला म्हणालास की मी गाढव आहे गं, माझी लायकीच नाही, लोक मला उगाच ठेवून घेतात. मी ऐकून घेतलं तेव्हा. पण नंतर डोक्यात फिरत राहिलं की हाच मुलगा, याच्या मित्राचं असं काही झालं असतं तर काय बोलला असता. तू त्याला गाढव म्हणाला असतास? लायकी काढली असतीस? नाही, तू म्हणाला असतास की अरे होतं, चल बाहेर जाऊन येऊ, आणि मग पाच मिनिटांनी विचारलं असतंस की नेमकं कुठे अडकलं ते बघूया का. दोन्ही गोष्टी केल्या असत्यास, धीरही दिला असतास आणि चूकही बघितली असतीस. तुला हे जमतं, चांगलं जमतं. फक्त स्वतःची पाळी आली की तू ते बंद करतोस.

आमच्या विषयात याला सेल्फ कम्पॅशन म्हणतात, म्हणजे स्वतःबद्दलची करुणा, क्रिस्टिन नेफ या अमेरिकन संशोधक बाईंनी 2003 मध्ये त्याची मांडणी केली आणि ते मोजायची प्रश्नावलीसुद्धा बनवली. त्यांनी तीन भाग सांगितलेत. एक, स्वतःशी झोडपल्यासारखं न बोलता आपुलकीने बोलणं. दोन, हे फक्त माझंच होतंय असं न समजता सगळ्याच माणसांचं होतं हे लक्षात ठेवणं. आणि तीन, जे वाईट वाटतंय ते ना दाबायचं ना त्यात बुडायचं, फक्त वाईट वाटतंय एवढं मान्य करायचं. तिसरं सगळ्यात अवघड, आणि तुला तर फारच, कारण तुझ्याकडे दोनच गिअर आहेत, एकतर "काही नाही गं मस्त आहे" नाहीतर थेट "सगळं संपलं". मधे "आज वाईट वाटतंय, पोटात खड्डा पडलाय" एवढंच म्हणून थांबता येतं हे तुझ्या गावीच नाही.

मला माहितीये तू आता काय म्हणणार. की आई, स्वतःला असं सांभाळून घेतलं तर मी ढिला पडेन, मी जो काही इथपर्यंत आलोय तो स्वतःला झापून झापूनच आलोय. माझ्या वर्गातली सगळी हुशार मुलं हेच म्हणतात. म्हणून हा प्रयोग सांगते, बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत ब्राइन्स आणि चेन या दोघींनी केला, 2012 मध्ये आला. विद्यार्थ्यांना शब्दांची मुद्दाम भयंकर अवघड टेस्ट दिली, सगळ्यांची वाट लागली. मग एका गटाला सांगितलं की अशा टेस्टमध्ये अडखळणं कॉमन आहे, स्वतःवर फार चिडू नका. दुसऱ्या गटाला सांगितलं की तुम्ही इथे अ‍ॅडमिशन मिळवलीत म्हणजे हुशारच असणार. तिसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही. त्यानंतर पुढच्या टेस्टसाठी हवा तेवढा अभ्यास करायला दिला, तर सगळ्यात जास्त वेळ अभ्यास पहिल्या गटाने केला. हुशार आहात म्हटलेल्यांनी नाही. कॅनडातलंच अजून एक, 2010 चं, ज्या मुलांनी पहिल्या परीक्षेचा अभ्यास टाळला होता त्यांच्यातल्या ज्यांनी स्वतःला त्याबद्दल माफ केलं त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. कारण ज्या विषयाकडे बघितलं की अपराधी वाटतं त्या विषयाकडे माणूस बघतच नाही, फोन उघडतो. तू तुझ्या त्या प्रेझेंटेशनची फाईल परत उघडलीस का? नसशील उघडली, पैज लावते. स्वतःला झापून झापून तू इथपर्यंत आलास असं नाहीये, तू कष्ट करून आलास आणि वर झापणं फुकट सोसलंस.

आणि अजून एक त्याच प्रेझेंटेशनबद्दल. तुला वाटतंय की खोलीतल्या सगळ्यांनी तुझी फजिती बघितली आणि अजून तेच बोलत असतील. कॉर्नेल युनिव्हर्सिटीत एक गमतीदार प्रयोग झाला होता, 2000 सालचा पेपर आहे, विद्यार्थ्याला लाज वाटेल असा एका गायकाच्या फोटोचा टीशर्ट घालायला लावून भरल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर त्याला विचारलं किती जणांच्या लक्षात आलं असेल, तर अंदाज आला साधारण निम्म्या लोकांचा. प्रत्यक्षात चतुर्थांशच्या आसपास लोकांच्याच लक्षात आलं होतं. बाकीचे आपापल्या टीशर्टच्या काळजीत असणार, हे माझं मत, संशोधन नाही.

मग करायचं काय, प्रॅक्टिकल. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या इथन क्रॉस आणि मंडळींनी 2014 मध्ये दाखवलं की टेन्शनच्या वेळी स्वतःशी "मी" करून बोलण्याऐवजी स्वतःचं नाव घेऊन बोललं तर माणूस कमी घाबरतो आणि भाषणही बरं करतो. वेडेपणा वाटेल पण करून बघ, मनातल्या मनात, कोणाला ऐकू येणार नाही. "मला का जमलं नाही" असं नाही विचारायचं, स्वतःला नावाने हाक मारायची आणि विचारायचं की बाबा रे, तुला आत्ता एवढं का लागलं? प्रश्न तोच असतो पण विचारणारा माणूस बदलतो, जरा लांब उभा राहून विचारतो आणि तो तुझ्या बाजूचा असतो. मग चूक काय झाली ती एका ओळीत लिही, फक्त घडलेलं, स्वभावाचं सर्टिफिकेट नको. "तिसऱ्या स्लाइडचे आकडे तपासले नव्हते" ही चूक आहे, ती दुरुस्त होते. "मी बेजबाबदार आहे" हे दुरुस्त कसं करणार, त्याला हात कुठे घालणार.

आता शरीराचं. हे मी आई म्हणून बोलतेय, टीचर म्हणून नाही. तू सगळं अंगावर काढतोस. दात दुखतोय तर एका बाजूने चावतोस, आणि विचारलं की म्हणतोस आता बरंय. डोळ्यांचा नंबर वाढलाय तर फॉन्ट मोठा करतोस. जेवायची वेळ मीटिंगला देतोस, मग उभ्या उभ्या लॅपटॉपकडे बघत काहीतरी पोटात ढकलतोस, आणि ऑफिसमधल्या कोणी असं केलं तर त्याला बळंच बसवून जेवायला लावणारा पण तूच. घरात कोणाचा दात दुखला असता तर तू त्याच दिवशी अपॉइंटमेंट घेतली असतीस, सोबत गेला असतास, बाहेर बसून राहिला असतास. मग या एका माणसाचीच एवढी हयगय का, त्याने काय घोडं मारलंय तुझं? स्वतःवर प्रेम वगैरे शब्द मोठे वाटत असतील तर सोड ते शब्द, फक्त दाताच्या डॉक्टरला फोन कर. मोठ्या माणसाला रोज किमान 7 तास झोप लागते, आणि तू 5 तासांत भागवतोस ते जणू मेडल असल्यासारखं सांगतोस. भागत नाही ते. दुसऱ्या दिवशी जे स्वतःवर चिडतोस ना छोट्या छोट्या गोष्टींवरून, त्यातलं बरंचसं नुसतं जागरण असतं, त्याला तू कॅरेक्टर समजतोस.

दुसऱ्यांना "नाही" कसं म्हणायचं ते मी जास्त शिकवत बसत नाही, त्याचे व्हिडिओ पण ढिगाने आहेत. एकच सांगते, लगेच हो म्हणू नकोस. "बघून सांगतो" म्हण. कोणी मागितलं की तुझ्या तोंडून हो आधी निघतं आणि डोकं मागून पोचतं, मग रात्री कुढत बसतोस की सगळे मलाच का धरतात. तुलाच धरतात कारण तू लगेच सापडतोस.

आणि कोणी कौतुक केलं तर "छे छे, नशीब लागलं" म्हणू नकोस. थँक्यू म्हण आणि गप्प बस. सुरुवातीला अंगावर काटा येतो, मला पण येतो.

तुलनेचं पण तू विचारलं होतंस, की बाकीचे सगळे पुढे गेले. बाळा, तुलना बंद होत नाही, लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच सांगून ठेवलंय की मोजायला पट्टी नसली की माणूस स्वतःला दुसऱ्या माणसांवरून मोजतो. तेव्हा मोजायला आजूबाजूची चार माणसं होती, तुझ्याकडे अख्खं जग आहे आणि तेही छान छान दिवशी काढलेलं. त्यामुळे तुलना करतो म्हणून स्वतःला आणि एक शिवी नको, फक्त डोळे तारवटलेले असताना रात्री ते फोटोंचं अ‍ॅप उघडू नकोस. सकाळी उघड, जेवण झाल्यावर उघड, तेव्हा तेच फोटो तेवढे बोचत नाहीत.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. हे सगळं रोजच्या धक्क्याबुक्क्यांसाठी आहे. पण जर दोन आठवडे झाले तरी जवळजवळ रोज मन उदास आहे, आवडत्या गोष्टीत सुद्धा लक्ष नाही, झोप भूक बिघडलीये, किंवा आपण नसतो तर बरं असं काही मनात यायला लागलं, तर तिथे स्वतःशी गोड बोलून भागणार नाही, डॉक्टरकडे नाहीतर समुपदेशकाकडे जायचं, आणि मनात तसलं काही आलं तर दोन आठवडे वगैरे मोजत बसायचं नाही, त्याच क्षणी कोणाला तरी फोन करायचा, मला कर, रात्रीचे कितीही वाजलेले असू देत. मला सांगायला नको वाटलं तर नको सांगूस पण कोणाला तरी सांग. मी इतक्या मुलांना हे सांगते आणि त्यांच्या आयांना पण सांगते की ऐकल्यावर आधी रडू नका, आधी ऐका. मी पण आधी ऐकेन.

तुझ्या प्रेझेंटेशनची फाईल उद्या उघड, पंधरा मिनिटं, ती तिसरी स्लाइड तेवढी बघ. आणि दाताची अपॉइंटमेंट कोणत्या वाराची मिळाली ते कळव. बाकी उत्तर निवांत दे.

तुझी,
आई

ता.क. बाबांना म्हटलं तुम्हाला काही लिहायचंय का, तर म्हणाले त्याला विचार नीट झोपतो का. मी म्हटलं ते लिहून झालंय. तर म्हणाले मग माझ्याकडून परत लिही.