सुईण आजींस, चारचौघांत आभार

कोल्हापूर

तीर्थस्वरूप आजी,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र वाडीच्या आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताई तुम्हाला वाचून दाखवतील. आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, हे ठाऊक असूनही ते चारचौघांत मानावेत असे वाटले, म्हणून पत्र पाकिटात न घालता सर्वांसाठी उघडे ठेवले आहे.

पहिल्या बाळंतपणाला मी शहरातल्या एका दवाखान्यात होते. बाळ सुखरूप हाती आले, त्यामुळे तक्रारीला जागा नाही, असे घरचे म्हणत. तरी त्या रात्री नऊ तास मला उताणे निजवून ठेवले होते, आईला दाराबाहेर बसवले होते, आणि कळ आली की ‘ओरडू नका’ याखेरीज कोणी माझ्याशी बोलत नव्हते. म्हणून पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी गगनबावड्याकडच्या आपल्या धनगरवाड्यात, माहेरी, येण्याचा हट्ट धरला. घरीच, तुमच्या हातून बाळंत व्हावे, असेही मी बोलून गेले आणि त्यावर तुम्ही मला ज्या शब्दांत झाडलेत ते या पत्रात लिहिण्याजोगे नाहीत.

त्या रागामागची हकीकत तुम्ही दोन दिवसांनी चुलीपाशी सांगितलीत. आषाढाचा पाऊस, वार पडल्यावरही न थांबणारे रक्त, घोंगड्याच्या झोळीत घालून चौघांनी खांद्यावर घेतलेली बाई, आणि डांबरी सडक दिसण्याआधीच खाली टेकवावी लागलेली ती झोळी. त्या पावसाळ्यानंतर तुम्ही वाडीतली एकही बाई घरी बाळंत होऊ दिली नाहीत, आणि आठवा महिना सरला की तिला सडकेलगतच्या पाहुण्यांकडे राहायला धाडायचे, हा नियम तुम्हीच घातलात. रुग्णालयात बाळंत होणाऱ्या बाईला पैशाची मदत देणारी सरकारची जननी सुरक्षा योजना २००५ साली आली, आशाताई त्यानंतर आल्या. तुमचा नियम त्याच्या आधीचा आहे, हे माझ्या पिढीतल्या फार थोड्यांना माहीत आहे.

ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतीगृहाच्या दारात सिस्टरांनी तुम्हाला अडवले, ते त्यांच्या जागी योग्यच होते. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ एक स्त्री नातेवाईक राहू शकेल आणि ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, अशी सूचना केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांसाठी काढली आहे. तुमची पाच बाळंतपणे झाली आहेत, पण नात्याने तुम्ही माझ्या कोणीच नाही. “पेशंटचं आणि तुमचं नातं काय?” असे विचारल्यावर तुम्ही म्हणालात, “हिची नाळ म्याच कापलीया. आनि काय नातं पायजे?” सिस्टर क्षणभर तुमच्याकडे पाहत राहिल्या, मग त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिले आणि तुम्हाला हात धुवायला पाठवले. तुम्ही कोपरापर्यंत साबण लावून आलात आणि मिश्रीची डबी माझ्या यजमानांच्या स्वाधीन केलीत. (ती डबी सहा तास त्यांच्या खिशात होती आणि तेवढ्यात तुम्ही दोनदा तिची चौकशी केलीत.)

तुम्ही मला निजू दिले नाही. खोलीत फिरवलेत, कळ आली की भिंतीला हात टेकवून उभे केलेत आणि माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना तळव्यांनी दाबून धरलेत. कळ ओसरली की दाब सैल व्हायचा. सिस्टर दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकून तक्त्यावर मांडत होत्या, आणि तुम्ही पोटावर हात ठेवून त्यांना कळांमधले अंतर सांगत होतात. बाईला चालू-फिरू द्यावे, तिला सोसेल त्या बैठकीत राहू द्यावे, तिच्या पसंतीचे माणूस जवळ असू द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले आहे. ते तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही “त्यास्नी आत्ता कळलं व्हय!” एवढेच म्हणालात.

बाळ बाहेर आल्यावर सिस्टरांनी नाळ लगेच कापली नाही, बाळाला माझ्या उरावर ठेवून त्या थांबल्या. तुम्ही वार पडेपर्यंत थांबत असा, आणि आताचे शास्त्र किमान एक मिनिट थांबायला सांगते. मात्र नाळेला शेण, राख, हळद काही म्हणजे काही लावायचे नाही, हे माझ्या सासूबाईंना बजावणाऱ्याही तुम्हीच. धनुर्वाताने गेलेली लेकरे तुम्ही पाहिली आहेत.

खरे आभार यापुढच्या पंधरा मिनिटांचे आहेत. मला इंजेक्शन दिले होते, वार पडली होती, सिस्टर बाळाचे वजन करण्यासाठी पाठमोऱ्या झाल्या होत्या. तुम्ही माझ्या अंगाखालचे कापड उचलून पाहिलेत आणि म्हणालात, “बाई, हे लई हाय.” तुम्ही पुढे हात घातला नाही, बाजूला सरकून जागा करून दिलीत. सिस्टरांनी पोटावरून गर्भाशय चोळायला घेतले, डॉक्टर धावत आले, सलाईनमधून औषध सुरू झाले आणि रक्त आटोक्यात आले. तुम्ही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होतात. तुमचे हात थरथरत होते, आणि तुम्हाला कोणती झोळी दिसत असेल हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होते.

परतताना तुम्ही विचारलेत, “असं आनि कुठं चालतंय का गं?” तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते, ते आता देते. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, जिथे झाडही उगवत नाही अशा बर्फाच्या मुलखात, इनुइट लोक राहतात. तिथल्या गरोदर बायकांना दिवस भरायच्या कित्येक आठवडे आधी विमानाने दक्षिणेच्या दूरच्या रुग्णालयात नेत, घरच्यांपासून तोडून. १९८६ साली पुविर्नितुक या गावात प्रसूतिकेंद्र सुरू झाले आणि गावच्याच बायका तिथे सुईणीचे रीतसर शिक्षण घेऊ लागल्या. जोखमीच्या बाईला मात्र आजही विमानात बसवतात, तुम्ही सडकेला धाडता तसे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने तर २००५ साली सरकारी नियमच केला की बाईला उभ्याने किंवा उकिडवे बसून बाळंत होता यावे. तिथल्या डोंगरातल्या बायका छताला बांधलेला दोर धरून कळा देतात. तुमच्या घरच्या आढ्याला अजून लोंबणारा दोर मला तेव्हा आठवला.

त्यानंतरचा सव्वा महिना सुखात गेला. शेक, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सटवाईची पूजा, काही राहिले नाही. वाद झाला तो फक्त चिकावरून. पहिले दूध पिळून टाका, असे माझ्या चुलतसासूबाई म्हणाल्या, तेव्हा तुम्ही त्यांना गोठ्याकडे बोट दाखवून विचारलेत, “रेडकाला पाजून उरंल त्येचा खरवस करताय न्हवं? मग ह्या लेकरानं काय घोडं मारलंय?” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

पाऊस उघडला की लेकीला घेऊन वाडीवर येते. तोवर रुग्णालयातून मिळालेल्या कागदांपैकी एकाची प्रत सोबत धाडत आहे. त्यात ‘सोबतच्या व्यक्तीशी नाते’ असा एक रकाना आहे, आणि त्यात सिस्टरांनी निळ्या शाईने ‘आजी’ असे लिहिले आहे. आशाताईंना ती ओळ बोटाने दाखवायला सांगा.

तुमची,
वाडीची लेक