खासदार कोणत्या समितीवर आहेत, ते छापा

महोदय,

सांगलीच्या गावभागात माझे किराणा दुकान आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा माझी साखर विरघळून गेली, हातात नुसती बारदाने उरली. भिंतीवरची पाण्याची रेघ मी रंग देताना मुद्दाम तशीच ठेवली आहे. तेव्हापासून पुराविषयी जे मिळेल ते वाचतो.

वाचता वाचता कळले की, ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेच्या जलसंपदा स्थायी समितीने देशातल्या पूर व्यवस्थापनावर अहवाल मांडला होता. जुलैचा पूर नुकताच ओसरला होता, आम्ही तेव्हा गाळ उपसत होतो. अशा अहवालांच्या शेवटी बैठकांचे इतिवृत्त असते, त्यात हजर खासदारांची नावे असतात. मुलगी मोबाइलवर ती यादी वाचून दाखवत होती, आणि मला वाईट वाटले. इतकी वर्षे मत देतो, पण आपला खासदार कोणत्या समितीवर आहे हे मी कधी कोणाला विचारलेच नाही.

सरकारी खात्यांचे काम तपासणाऱ्या अशा २४ समित्या आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. मंत्र्यांना त्यात घेत नाहीत. अर्थसंकल्पातली खात्याची मागणी इथे तपासली जाते, अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारता येते. कृष्णेवरच्याच, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्याचा विषय सभागृहात दोन-चार मिनिटांत मांडून होतो. समितीत त्याच विषयावर कागद मागवता येतात, पुन्हा पुन्हा विचारता येते. शिफारस सरकारवर बंधनकारक नाही हे खरे, पण तिचे काय केले ते सरकारला तीन महिन्यांत कळवावे लागते.

बैठका बंद दाराआड होतात, बातमीदारांना प्रवेश नसतो. माझी त्याला हरकत नाही. कॅमेरा नसला की पक्ष बाजूला ठेवून बोलता येते. पण अहवाल मांडला गेल्यावर तरी मतदारांना सांगायला काय हरकत आहे? निवडणुकीत कुठल्याही पक्षाचे पत्रक हातात घ्या, सभामंडप, रस्ते आणि हायमास्ट दिवे यांचीच यादी असते.

माझी विनंती आहे की, दरवर्षी समित्या नव्याने नेमल्या की सांगली आणि साताऱ्याचे खासदार कोणत्या समितीवर आहेत हे आपण पहिल्या पानावर छापावे. वर्षअखेरीस त्यांची बैठकांतली हजेरीही छापावी. खासदारांना मी स्वतंत्र पत्र पाठवत आहे.

– एक किराणा दुकानदार, गावभाग, सांगली