ओळखीच्या चेहऱ्याचे शब्द

पुणे,
रविवार

प्रिय सुधीर,

तुझं पत्र पोचलं. निवृत्त झाल्यावर शेक्सपिअर मुळातून वाचायचा बेत फक्कड आहे. पण ‘अवघड जुन्या शब्दांची यादी पाठव’ म्हणतोस, ती काही मी पाठवणार नाही. अवघड शब्द अवघड आहे हे दिसतंच. माणूस अडतो, कोश उघडतो आणि पुढे जातो. ‘सेनाइट’ म्हणजे सात रात्री, अर्थात आठवडा. ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री, तो तर अजून चालतोय. ‘ओव्हरमॉरो’ कव्हरडेलने केलेल्या १५३५ सालच्या इंग्रजी बायबलात आहे, अर्थ आपला येणारा परवा. इंग्रजांनी तो टाकला आणि आता ‘डे आफ्टर टुमॉरो’ असं लांबण लावतात. अर्थात आपण हसायला नको. आपल्याकडे गेलेला आणि येणारा, दोन्ही परवाच, क्रियापदावरून काय ते समजून घ्यायचं!

तुला फसवणार आहेत ते ओळखीचे शब्द. शाळेपासून पाठ असलेले, त्यामुळे कोश उघडायचं मनातसुद्धा येत नाही.

‘लेट’च घे. ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकात बापाचं भूत खुणेने बोलावतं, हॅम्लेट त्याच्यामागे निघतो आणि सोबतचे त्याला धरून ठेवतात. तेव्हा तो ओरडतो की, जो मला ‘लेट’ करेल त्याचंच भूत करीन. आपला अर्थ लावलास तर ‘जो मला जाऊ देईल त्याला मारीन’ असं होईल, म्हणजे सगळंच उलटं! तिथे ‘लेट’ म्हणजे अडवणं. मुळात हे दोन वेगळे शब्द. जुन्या इंग्रजीत एकाचा अर्थ होऊ देणं, दुसऱ्याचा अडवणं, खोळंबवणं. उशीर या अर्थाचा ‘लेट’ या दुसऱ्याच्याच कुळातला. पुढे उच्चार घासून दोन्ही सारखे झाले. एकाच शब्दाने परवानगीही द्यायची आणि मज्जावही करायचा, हे किती दिवस चालणार? अडवणारा मागे पडला. पण मेला नाही. तुझा पासपोर्ट काढ. आतल्या बाजूला राष्ट्रपतींच्या नावाने विनंती आहे, धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावं. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून बरोबर चौकटीत पडली की ‘लेट’ पुकारतात, तोही हाच, असं मानतात.

‘प्रिव्हेंट’चीही अशीच गंमत. १६११च्या किंग जेम्स बायबलात, ११९व्या स्तोत्रात, भक्त म्हणतो, मी पहाटेला ‘प्रिव्हेंट’ केलं. पहाट कशी रोखणार? तो पहाटेच्या आधी उठला, एवढंच. लॅटिनमध्ये मूळ अर्थ ‘आधी येणं’; आधी येऊन वाट अडवली की आजचा अर्थ तयार. त्याच बायबलात देव माणसाला बिया आणि फळं देतो आणि म्हणतो, हे तुमचं ‘मीट’. तुझ्यासारख्या शाकाहाऱ्याने दचकू नये, तेव्हा मीट म्हणजे कुठलंही अन्न. मिठाईच्या जुन्या दुकानांवरचं ‘स्वीटमीट’ त्यातलंच.

‘नाइस’ एके काळी मूर्खाला म्हणत, ‘सिली’ म्हणजे भाग्यवान, पुण्यवान. चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीच्या काळी ‘गर्ल’ मुलगाही असू शके. हे नुसतं लक्षात ठेव.

ज्युलिएटचं मात्र सांगायलाच हवं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ‘व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ’ म्हणताना ती कपाळाला हात लावून खाली अंधारात शोधायची, आठवतं? ‘व्हेअरफोर’ म्हणजे कुठे नव्हे, का! तू रोमिओच का असावास, वैऱ्याच्या घरातलंच नाव तुला का, असं तिचं दुखणं आहे. शोधाशोध केली की पुढचं नावाबद्दलचं सगळं बोलणं लोंबकळत राहतं.

तेव्हा तळटिपा असलेली आवृत्तीच घे, स्वस्तातली नको. शंका आली तर ग्रंथालयातला मोठा ऑक्सफर्ड कोश बघ. १८८४ला त्याचा पहिला भाग निघाला आणि १९२८ला काम पुरं झालं. शब्द कुठल्या साली कोणी कसा वापरला, त्याची अवतरणं त्यात क्रमाने दिलेली असतात. मी तर एक शब्द बघायला जातो आणि जेवायची वेळ टळते.

पहिला अंक झाला की लिही. भुताचा प्रवेश मोठ्याने वाच, शेजारी काय म्हणायचं ते म्हणोत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत