इंटर्नला स्टोअरमध्ये नको, बालरोग वॉर्डात उभे करा

महोदय,

कालच्या पुरवणीतला फार्म.डी.वरचा (औषधशास्त्राच्या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमावरचा) लेख वाचला. सहावे वर्ष इंटर्नशिपचे, त्यात सहा महिने जनरल मेडिसिन आणि बाकी तीन विभागांत दोन-दोन महिने, ही माहिती अचूक आहे. पण ‘लहान मुलांच्या उपचारांची आवड असेल तर बालरोग विभाग निवडावा’ हे वाचून राहवले नाही.

माझ्या मुलीने तोच विभाग मागितला. कागदावर मिळालाही. प्रत्यक्षात तिला औषधांच्या स्टोअरमध्ये एक्स्पायरी तारखा बघत बसवले. राऊंडला गेली तर सर्वांत मागे. बाळाचे वजन आणि लिहिलेला डोस ताडून पाहू का, असे विचारले तर ‘ते डॉक्टर बघतील’. इंटर्नने वॉर्डात स्वतंत्रपणे काम करावे, असे नियमच सांगतो. मग नियम कोणासाठी आहेत?

हा नुसता बापाचा राग नाही. खानापुरात माझे औषधाचे दुकान आहे. मध्यंतरी जांबोटीकडची एक आई डिस्चार्जनंतर मापाचे झाकण मागायला आली. बाळ दहा किलोचे. किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने पॅरासिटामॉल सिरप ६ मिली लिहिलेले, म्हणजे ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेले. तिच्या पिशवीत मात्र आधीची ड्रॉप्सची बाटली होती, एका मिलीत १०० मिलिग्रॅमची. त्यातलेच ६ मिली ती पाजणार होती. म्हणजे १५० ऐवजी ६०० मिलिग्रॅम, चौपट! तिची काही चूक नव्हती. दोन बाटल्यांतला फरक तिला दवाखान्यात कोणीच समजावला नव्हता. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, सूचना घाईघाईत कन्नडमध्ये, आणि बाईला येते फक्त मराठी.

हे समजावणे म्हणजेच इंटर्नचे काम. आमच्या भागातल्या मुली एका खाटेशी मराठीत आणि शेजारच्या खाटेशी कन्नडमध्ये सहज बोलतात. अँटिबायोटिकच्या ड्राय सिरपमध्ये, म्हणजे बाटलीतल्या पावडरीत, उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत कसे घालायचे, हे त्यांनी प्रत्येक आईला करून दाखवावे. दोन महिने एवढे केले तरी त्या पुस्तकाबाहेरचे पुष्कळ शिकतील.

आणखी एक. लेखाखाली कॉलेजांची यादी दिलीत, ती सगळी पुण्या-मुंबईची. बेळगाव, निपाणी, चिकोडीची मुले आपलाच पेपर वाचतात ना? जिल्ह्यातल्या कोणत्या रुग्णालयात इंटर्नला बालरोग वॉर्डात खरोखर काम देतात, हे विचारून पुढच्या पुरवणीत छापावे, ही विनंती.

आपला,
एक औषधविक्रेता, खानापूर