खंबाटकी घाटाखालच्या मेकॅनिककाकांचे आभार

दुरुस्तीत पूर्ण खोलून परत बांधून आलेल्या माझ्या गाडीच्या इंजिनाचा ऑइल-प्रेशरचा दिवा घाटाच्या पायथ्याशी लागला. गॅरेजातल्या काकांनी आधी इंजिन बंद करायला लावलं. दिवा म्हणजे फक्त स्विच. खरं प्रेशर मीटरच सांगतो. डिपस्टिकवर ऑइल बरोबर होतं, म्हणून त्यांनी स्विच काढून तिथे मीटर लावला आणि काही सेकंदच इंजिन चालवलं. रेस देऊनही काटा अर्ध्या बारच्या (बार हे प्रेशरचं माप) वर जाईना. बेअरिंग सैल असतं तर रेस दिल्यावर काटा थोडा तरी चढला असता, त्यामुळे संशय रिलीफ व्हॉल्व्हवर, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेवर. तो खोलला तर त्यातला छोटा पिस्टन धातूच्या किसामुळे अर्ध्यात, उघडाच अडकलेला. बोअरिंगनंतर (सिलिंडर आतून कातल्यावर) ब्लॉकच्या ऑइल गॅलऱ्या, म्हणजे ऑइल वाहायच्या वाटा, नीट धुतल्या नाहीत की असंच होतं.

निघालेला किस त्यांनी पांढऱ्या कागदावर पसरून चुंबक फिरवलं. सगळा चिकटला, म्हणजे लोखंडाचा. बेअरिंगवरचा मऊ धातूचा मुलामा चुंबकाला चिकटत नाही. जेवणाचा डबा तसाच ठेवून हे सगळं समजावलं, हे विसरता येणार नाही. व्हॉल्व्ह धुतला, ऑइल-फिल्टर बदललं. गरम इंजिनावर, दोन हजार आरपीएमला तीन बार! पैसे फक्त ऑइल-फिल्टरचे घेतले. काका, मनापासून आभार.