जाहिरातीतला हातोडा आणि तळाची टीप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकांच्या परिणामकारक जाहिरातींवरील आपला कालचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी निम्म्याहून अधिक जागा ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाच्या १९८४ मधील जाहिरातीला, म्हणजे नायिका भल्यामोठ्या पडद्यावर हातोडा भिरकावते त्या सुप्रसिद्ध हातोडाफेकीला दिली, याचे आश्चर्य वाटले नाही. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण तेच करतात. रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेली ती एक मिनिटाची जाहिरात देखणी आहे, हे मान्यच. परंतु नायिकेच्या बनियनवरील रेखाचित्र सोडले तर तीत मॅकिंटॉश कुठेही दिसत नाही, आणि सुरुवातीची लाट ओसरल्यावर २,४९५ डॉलरच्या त्या यंत्राची विक्री त्याच वर्षी मंदावली, हे लेखात सोयीस्करपणे राहून गेले.

याउलट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसीसाठी चॅप्लिनचा तो ढगळ पँटवाला फाटका इसम पुढे करण्यात आला. ज्या चॅप्लिनने पडद्यावर यंत्रयुगाची यथेच्छ टिंगल केली, त्याचेच सोंग यंत्र विकायला वापरावे, यातील गंमत बाजूला ठेवू. धंद्याच्या पसाऱ्यात गोंधळलेला माणूस या खोक्यासमोर बसून सावरू शकतो, हे पाहून घाबरट गिऱ्हाइकाची भीती गेली, आणि माझ्या मते संगणकाच्या जाहिरातीचे खरे काम तेवढेच आहे.

मी स्वतः असाच एक घाबरट गिऱ्हाईक होतो. १९९८ साली मुलाच्या हट्टापायी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून, वर्तमानपत्रातील पानभर जाहिरातीचे कात्रण खिशात घालून, मी मिरजेहून कोल्हापूरला गेलो. चित्रात मॉनिटर, स्पीकर, प्रिंटर आणि हसणारे कुटुंब होते. दुकानदाराने शांतपणे तळाच्या चांदणीकडे बोट दाखवले. मुंगीएवढ्या अक्षरांत तेथे लिहिले होते की चित्रातील सर्व वस्तू किमतीत समाविष्ट नाहीत. प्रिंटर वेगळा, स्पीकर वेगळे, कर वेगळा. मेमरी किती, या प्रश्नावर त्याने डब्यावरील ‘इंटेल इनसाइड’चे (आत इंटेल कंपनीची प्रोसेसर चिप आहे, असे सांगणारे) स्टिकर दाखवले, आणि मी मान डोलावली! ते बोधचिन्ह छापले की संगणक कंपन्यांच्या जाहिरातखर्चाचा काही भाग इंटेल उचलत असे, ही १९९१ पासूनची योजना मला फार उशिरा कळली. जो भाग गिऱ्हाइकाला कधी दिसतही नाही त्याचे नाव त्याच्या तोंडी बसवणारी ही मोहीम परिणामकारक नव्हे, असे मी तरी कसे म्हणू? लेखात मात्र तिला एक ओळ मिळाली आहे.

जाता जाता, ज्या अंकात हा लेख आला त्याचे पहिले पान लॅपटॉपच्या जाहिरातीने व्यापले होते आणि बातम्या तिसऱ्या पानावर सुरू झाल्या. त्या जाहिरातीच्या तळाशीही चांदणी होती. टीप भिंगाखालीही मला धड लागली नाही. आपल्या जाहिरात विभागाने अशा टिपांसाठी निदान लग्नाच्या छोट्या जाहिरातींएवढे अक्षर सक्तीचे करावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज