‘निवड झाली’ छापण्याआधी व्हिसा कोणता ते विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडापानावर एका मुलाचा फोटो आला होता. हातात इंग्लंडमधल्या एका क्लबची जर्सी, दोन्ही बाजूंना आई-वडील. मथळा होता, ‘इंग्लंडच्या क्लबमध्ये निवड’. बातमी मी दोनदा वाचली. क्लबच्या कोणत्या संघात निवड, करार झाला की नुसती ट्रायल आहे, मुलगा कोणत्या व्हिसावर चालला आहे, यातलं काहीच तिच्यात नव्हतं. शेवटची ओळ मुलाच्या तोंडची होती, ‘व्यावसायिक फुटबॉलपटू होणं हेच माझं ध्येय.’

अगदी अशीच बातमी 2022 साली माझ्या मुलाची आली होती. वर्तमानपत्र दुसरं होतं, वाक्य मात्र हेच. म्हणून हे पत्र.

माझा मुलगा डाव्या पायाचा. लेफ्ट बॅक म्हणून खेळायचा, म्हणजे अजूनही खेळतो. एकोणीस वर्षांचा असताना एका खाजगी संस्थेचे लोक ट्रायल घ्यायला आले. दोन दिवस ट्रायल झाली आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, तुमचा मुलगा निवडला गेला. योजना अशी, की इंग्लंडमधल्या विद्यापीठात तीन वर्षांची पदवी घ्यायची आणि सोबत रोज ‘क्लबच्या अकादमीत’ सराव करायचा. तिथं स्काउट, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारे लोक येतात, चांगला खेळला तर करार होतो, नाहीच झाला तरी पदवी हातात राहते. कुठल्याही आईला पटावं असंच हे बोलणं होतं. मी लेखापरीक्षण विभागात नोकरी केली. दुसऱ्यांची व्हाउचरं तपासण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली, सहीशिवाय एक कागद पुढे जाऊ दिला नाही. विद्यापीठाचं प्रवेशपत्र तपासलं, ते खरं होतं. फीची पावती खरी होती. व्हिसा खरा होता. क्लबचं पत्र तेवढं कुठेच नव्हतं, आणि ते मी मागितलंच नाही.

फसवणूक म्हटली की आपल्याला खोटे कागद डोळ्यांसमोर येतात. पश्चिम आफ्रिकेतून मुलांना ट्रायलच्या नावाखाली युरोपात आणायचं आणि तिथं वाऱ्यावर सोडून एजंटने पसार व्हायचं, हे प्रकार वर्षानुवर्षं चालत आलेत. कॅमेरूनचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू जाँ-क्लोद म्बूमाँ यांनी फ्रान्समध्ये अशा मुलांसाठी 2000 साली संस्थाही काढली. आमच्या बाबतीत कुणी पसार झालं नाही. संस्थेचं ऑफिस आजही सुरू आहे. सगळं कायद्यात बसवलेलं होतं, फक्त ज्यासाठी पोरगा गेला ते फुटबॉलच त्या कायद्यात बसत नव्हतं.

‘क्लबची अकादमी’ म्हणजे क्लबच्या स्टेडियममागचं भाड्याने मिळणारं कृत्रिम गवताचं मैदान, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. मला त्याने ते चार महिन्यांनी सांगितलं. सराव मात्र चांगला होता, प्रशिक्षक मेहनती होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या हिवाळ्यात एका मैत्रीपूर्ण सामन्यात सातव्या पायरीवरच्या एका क्लबच्या मॅनेजरने त्याला पाहिलं. तिकडे प्रीमियर लीगपासून खाली पायऱ्यापायऱ्यांनी लीग आहेत. पहिल्या चार पायऱ्यांवरचे 92 क्लब पूर्ण व्यावसायिक, पाचवीवरचेही बरेच, त्याखालच्या क्लबांत बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करतात, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करतात आणि सामन्यागणिक थोडेफार पैसे घेतात, म्हणजे अर्धव्यावसायिक. मॅनेजर म्हणाला, सरावाला ये. हा दोनदा गेला. तिसऱ्या वेळी नोंदणीसाठी कागद घेऊन बोलावलं. तोपर्यंत ड्रेसिंग रूममध्ये तीन नंबरची जर्सी त्याच्यासाठी टांगलेली होती.

क्लबचे सेक्रेटरी म्हणजे सत्तरीचे एक गृहस्थ. पगार नाही काही नाही, आवडीने काम करणारे. त्यांनी व्हिसाचं पत्र चष्मा वर करून वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबले. ओळ अशी होती, की या व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येणार नाही. माझा मुलगा म्हणाला, मला पैसे नकोत, फुकट खेळतो. त्यावर त्यांनी आत जाऊन एक कागद छापून आणला. ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांत ‘व्यावसायिक खेळाडू’ कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे, ती त्या कागदावर होती. एका वाक्याखाली त्यांनी पेनने रेघ मारली आणि कागद त्याला दिला. मग मैदानाच्या फाटकापर्यंत सोडायला आले.

तो कागद आता माझ्याकडे आहे. रेघ मारलेल्या वाक्याचा मराठीत अर्थ असा: जो खेळून किंवा प्रशिक्षण देऊन सध्या उदरनिर्वाह करतो, पूर्वी करत होता, किंवा भविष्यात करू इच्छितो.

करू इच्छितो. संपादक महोदय, हे दोन शब्द वाचून मी स्वयंपाकघरात तशीच बसून राहिले. पैसे घेणं तर सोडाच, अर्धव्यावसायिक क्लबकडून फुकट खेळणंसुद्धा या व्याख्येत येऊ शकतं. पुढे यावर पोट भरायची इच्छा असणं हेही व्याख्येत आहे. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला हौशी म्हणून खेळता येतं, विद्यापीठाच्या संघातून खेळता येतं, पण आपल्याला यातच करिअर करायचं आहे असं ज्याचं म्हणणं त्याच्यासाठी हा व्हिसा नाही. आणि आमच्या पोराने तर तेच वाक्य वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं. ते कात्रण मी फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं.

पदवी झाल्यावर तरी मार्ग खुला होईल असं आम्हाला वाटलं होतं. झाला नाही. शिक्षण संपल्यावर तिथं राहून नोकरी करता यावी म्हणून जो व्हिसा मिळतो, त्यातही व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करायला बंदी आहे. त्यासाठी वेगळा व्हिसा आहे, 2021 च्या ऑक्टोबरपासून त्याचं नाव इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन. तो मिळायला तिथल्या फुटबॉल असोसिएशनचं समर्थनपत्र लागतं आणि ते क्लबने मागायचं असतं. समर्थनपत्र गुणांवर मिळतं. राष्ट्रीय संघाकडून किती सामने खेळलात, कोणत्या दर्जाच्या लीगमध्ये किती मिनिटं मैदानावर होतात, तुमचा क्लब लीगमध्ये कितवा आला, अशा गोष्टींचे गुण धरतात आणि साधारण 15 गुण लागतात. ज्या मुलाने देशात एकही व्यावसायिक सामना खेळलेला नाही, त्याच्या खात्यात जमा होणार शून्य. भाड्याच्या मैदानावर तीन वर्षं घाम गाळला तरी त्यात एका गुणाची भर पडत नाही. हे त्या संस्थेला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

आता कुणी म्हणेल, मग आपल्या मुलांनी बाहेर जायचंच नाही का? जावं, जरूर जावं. गेलेत त्यांचे रस्ते एकदा नीट पाहावेत. गुरप्रीत सिंग संधू 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबमध्ये गेला तेव्हा तो ईस्ट बंगालचा गोलरक्षक होता. बाला देवी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, तीही ब्रिटनच्याच व्हिसाच्या दारातून. पण ती आधीच भारताची आघाडीची गोल करणारी खेळाडू होती, आणि ट्रायल खुद्द क्लबने घेतली होती. मनीषा कल्याण 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलोन लेडीजकडे गेली ती गोकुलम केरळकडून खेळून, आणि त्याच वर्षी महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. यातल्या प्रत्येकाने आधी इथं मैदान गाजवलं आणि मग बाहेरच्या क्लबने करार केला. आणि क्लब राजी असला तरी भागतंच असं नाही. सुनील छेत्रीला 2009 मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने करार देऊ केला होता. भारत फिफाच्या क्रमवारीत पहिल्या 70 मध्ये नाही म्हणून त्याला वर्क परमिट नाकारलं गेलं. जिथं छेत्री अडला, तिथून एकोणीस वर्षांचं अनोळखी पोर पदवीच्या प्रवेशपत्रावर पार होईल, असं आम्ही मानलं.

अठरा वर्षांखालच्या मुलांचं तर आणखी कठीण. फिफाच्या नियमांतल्या 19 व्या कलमानुसार अठराच्या आत खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद मोजके आहेत, त्यातला मुख्य म्हणजे आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेलेले असणं. बार्सिलोनाच्या अकादमीत दहाव्या वर्षी गेलेल्या ताकेफुसा कुबोला याच कलमापायी 2015 मध्ये जपानला परतावं लागलं होतं. त्याच्यामागे बार्सिलोनासारखा क्लब उभा होता, तरी. आठवी-नववीतल्या पोरांचे पालक मला विचारतात तेव्हा मी हे एवढंच सांगते.

पालक मला का विचारतात, हे आता लिहिते. ही गोष्ट मी आजवर घरातही धड बोललेली नाही.

आमची बातमी छापून आल्यावर त्या संस्थेने कात्रण लॅमिनेट करून घेतलं. पुढच्या ट्रायलच्या वेळी ते टेबलावर मांडलेलं होतं. बातमी मुळात त्यांच्याच माणसाने टाइप करून दिली होती, आम्ही फक्त फोटो दिला. पण छापून आली की ती वर्तमानपत्राची होते, तिला वजन येतं. ते कात्रण पाहून एका आईने माझा नंबर मिळवला आणि फोन केला. कसं आहे तिथं, पाठवावं का, असं तिने विचारलं. तेव्हा माझा मुलगा जाऊन दोनच महिने झाले होते, मला मैदानाचं माहीत नव्हतं, सेक्रेटरींचा कागद यायचा होता. मी म्हणाले, निश्चिंत पाठवा. ती म्हणाली, ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून धीर आला. तिचा मुलगा दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडून परत आला. खेळणंही सोडलं. मी त्यानंतर तिला दोन वेळा फोन केला, तिने उचलला नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

म्हणून माझं मागणं वर्तमानपत्रांकडे आहे. एजंट आणि संस्था त्यांचा धंदा करणारच. त्यांच्या हातात सर्वांत खात्रीचा कागद कोणता असेल तर तुमच्या पानाचं कात्रण, आणि तो कागद त्यांना देणं न देणं तुमच्या हातात आहे. आपल्या बातमीदाराने मुलाचं अभिनंदन जरूर करावं, पण आधी विचारावं की व्हिसा विद्यार्थ्याचा आहे की खेळाडूचा. विद्यार्थ्याचा असेल तर मथळ्यात ‘शिक्षणासाठी रवाना’ लिहावं, ‘क्लबमध्ये निवड’ लिहू नये. क्लबच्या लेटरहेडवरचं पत्र मागावं आणि क्लबच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करून ते खरं आहे का विचारावं. पैसे कोण कुणाला देतंय हेही विचारावं, कारण करार असलेल्या खेळाडूला क्लब पैसे देतो, खेळाडू क्लबला देत नाही. मध्ये एजंट असेल तर फिफाच्या संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांची यादी आहे, तिच्यात त्याचं नाव शोधायला पाच मिनिटंही लागत नाहीत. एवढं केल्यावर दहातल्या बऱ्याच बातम्या छापायच्या राहतील, हे मला दिसतंय. राहू द्यात.

माझ्या मुलाचं म्हणाल तर त्याने पदवी चांगल्या गुणांनी पूर्ण केली. तीन वर्षं विद्यापीठाच्या संघात डाव्या बाजूला खेळला. तिकडे विद्यापीठांचे सामने बुधवारी दुपारी असतात, त्यामुळे आमच्याकडे बुधवारी रात्रीच्या जेवणाला उशीर व्हायचा, फोन आल्याशिवाय कुणी बसायचं नाही. आता तो एका गोदामात माल पाठवण्याच्या विभागात काम करतो आणि रविवारी हौशी लीगमध्ये खेळतो. मी चिडून त्या संस्थेबद्दल बोलायला लागले की तो विषय बदलतो आणि सामन्याचं सांगायला लागतो. मागच्या रविवारी त्याच्या क्रॉसवर गोल झाला. किती लांबून मारला ते त्याने मला दोनदा समजावून सांगितलं.

आपल्या पानावर ज्याचा फोटो आला तो मुलगा अजून निघालेला नसावा. त्याच्या आई-वडिलांशी आपला संपर्क झालेलाच आहे. सेक्रेटरींनी रेघ मारून दिलेल्या कागदाची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. माझं पत्र छापलं नाहीत तरी चालेल, तो कागद मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचवा, आणि माझा फोन नंबरही द्या. या वेळी मी खरं तेच सांगेन.

आपली,
एक वाचक
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळा दिला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)